पहिलं स्तन-इम्प्लांट निवडताना: आधी काय ठरवायचं, नंतर काय

स्तन-इम्प्लांटचा विचार सुरू झाला की बहुतेक जणींचा पहिला प्रश्न आकड्याचा असतो: किती सीसीचं, म्हणजे किती आकारमानाचं घेऊ? मग कंपनी कोणती चांगली, आणि मग इतरांचे आधीचे-नंतरचे फोटो. हा क्रम मला सपशेल उलटा वाटतो. सीसीचा आकडा सगळ्यात शेवटी ठरतो, आणि तोही बराचसा तुमच्या छातीची रुंदी आणि त्वचेखालच्या थराची जाडी यांवरून. त्याआधी आत काय भरलेलं असावं, पृष्ठभाग कसा असावा, ते कुठे बसवावं हे ठरवायचं असतं. आणि या सगळ्याच्याही आधी हे पाहायचं असतं की पुढची पंधरा-वीस वर्षं आपण कोणती देखभाल करायला तयार आहोत. प्रत्येक प्रकाराबरोबर वेगळी तपासणी, वेगळा धोका येतो. म्हणून खाली मला योग्य वाटतो त्या क्रमानेच सगळं मांडलं आहे.

हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. पण सर्जनसमोर बसल्यावर ते काय बोलताहेत हे कळावं, आणि काय विचारायचं हे आधीच ठाऊक असावं, एवढी तयारी यातून नक्की होईल.

१. इम्प्लांटच हवं आहे का?

आपल्याला नेमकं काय बदलायचं आहे ते एका वाक्यात लिहून काढा. "स्तन लहान आहेत", "दोन्हींत फरक आहे", "बाळंतपणानंतर भरीवपणा गेला", "स्तन ओघळले आहेत", "कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये स्तन काढला आहे" ही पाच वेगळी वाक्यं आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत.

सगळ्यात जास्त गैरसमज ओघळण्याबद्दल आहे. इम्प्लांट भरीवपणा देतं, उचलून धरत नाही. आरशासमोर सरळ उभ्या राहा आणि स्तनाखालच्या घडीची पातळी बघा. स्तनाग्र त्या पातळीच्या बरंच वर असेल तर नुसत्या इम्प्लांटने काम होण्याची शक्यता आहे. स्तनाग्र घडीच्या पातळीला किंवा तिच्याही खाली गेलं असेल, तर बहुतेक वेळा स्तन वर उचलण्याची शस्त्रक्रिया लागते. तिला मॅस्टोपेक्सी म्हणतात. ती एकटीही करता येते, इम्प्लांटबरोबरही. ओघळलेल्या स्तनात मोठं इम्प्लांट घालून तो "भरून काढायचा" सल्ला कोणी दिला, तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. वजन वाढलं की त्वचा आणखी ताणली जाते, आणि काही वर्षांत पुन्हा तेच दुखणं, या वेळी जास्त वजनासह.

थोडीच वाढ हवी असेल तर स्वतःच्या शरीरातली चरबी काढून स्तनात भरण्याचाही पर्याय आहे. त्यातली काही चरबी शरीर शोषून घेतं, त्यामुळे नेमका किती फरक पडेल हे आधी सांगता येत नाही आणि कधी कधी एकापेक्षा जास्त वेळा करावं लागतं. पण शरीरात परकी वस्तू राहत नाही, हा फायदा लहान नाही.

वेळेचाही विचार करा. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, केवळ सौंदर्यासाठी सलाइन इम्प्लांट बसवायला १८ आणि सिलिकॉन जेल इम्प्लांट बसवायला २२ वर्षांची किमान अट घातली आहे. स्तन काढल्यानंतरच्या पुनर्रचनेला ही अट नाही. नजीकच्या काळात मूल हवं असेल तर थांबणं मला शहाणपणाचं वाटतं, कारण गरोदरपण आणि स्तनपान यांत स्तनाचा आकार बदलतो आणि आज बेतून घेतलेलं इम्प्लांट उद्या त्या शरीराला शोभत नाही. स्तनपान नुकतंच थांबवलं असेल तर काही महिने जाऊ द्या. स्तन स्थिरावल्याशिवाय मोजमापाला अर्थ नाही.

आणि एक गोष्ट इथेच, कारण ती पुढच्या प्रत्येक निर्णयात लागणार आहे: इम्प्लांट आयुष्यभरासाठी नसतं. एफडीएच्या माहितीनुसार सौंदर्यासाठी इम्प्लांट बसवणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे २० टक्के स्त्रियांना ते ८ ते १० वर्षांत काढावं किंवा बदलावं लागतं. कुणाचं वीस वर्षं बिनतक्रार टिकतं, कुणाचं पाचव्या वर्षी काढावं लागतं. म्हणजे पंचविशीत इम्प्लांट बसवणारीने आयुष्यात आणखी किमान एक शस्त्रक्रिया गृहीतच धरायला हवी, पैशांच्या हिशोबातसुद्धा. शिवाय काढून टाकलं की स्तन पूर्वीसारखा होईलच असं नाही. त्वचा सैल पडते, आतला थर पातळ झालेला असतो. हे वाचून मन मागे हटत असेल तर ते ऐका. घाई करण्याजोगं यात काहीच नाही.

२. आधी शरीराचं माप

चांगला सर्जन कॅटलॉग उघडण्याआधी टेप आणि कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचा चिमटा, हातात घेतो. तो मुख्यतः तीन गोष्टी बघतो.

पहिली, स्तनाच्या तळाची रुंदी. आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत हे माप घेतात आणि इम्प्लांटचा व्यास साधारणपणे त्याहून थोडा कमी ठेवतात. रुंदीपेक्षा मोठं इम्प्लांट बसवलं तर ते काखेकडे सरकतं, हात लागत राहतो, किंवा मधल्या बाजूला दोन्ही स्तन एकमेकांना भिडल्यासारखे दिसतात. ही शेवटची विकृती नंतर दुरुस्त करणं फार अवघड असतं.

दुसरी, चिमटीची जाडी. स्तनाच्या वरच्या भागात त्वचा आणि तिच्याखालचा थर चिमटीत धरून मोजतात. ही जाडी २ सेंटिमीटरहून कमी असेल तर इम्प्लांटची वरची कड बाहेरून दिसण्याची शक्यता असते आणि बहुतेक सर्जन ते स्नायूखाली झाकायला सांगतात. सडपातळ बांध्याच्या स्त्रीसाठी सगळ्या मापांत हे माप सगळ्यात निर्णायक ठरतं.

तिसरी, त्वचा किती ताणते आणि स्तनाग्रापासून घडीपर्यंत किती अंतर आहे. त्यावरून खालच्या भागात किती जागा आहे ते कळतं.

याच वेळी दोन्ही बाजूंतला फरकही नोंदवून घ्या. जवळजवळ प्रत्येकीचे दोन स्तन वेगळे असतात. बरगड्यांची ठेवणही दोन्हीकडे सारखी नसते. इम्प्लांटमुळे हा फरक कधी कधी जास्त उठून दिसतो. आधीचे फोटो काढून सर्जनबरोबर बघितले तर नंतर "हे ऑपरेशनमुळे झालं का" असा प्रश्न उरत नाही.

३. आत काय: सलाइन की सिलिकॉन जेल

दोन्ही प्रकारांचं बाहेरचं आवरण सिलिकॉनचंच असतं. "मला सिलिकॉन नको, म्हणून सलाइन" असं म्हणताना हे लक्षात असू द्या.

सलाइन इम्प्लांटमध्ये निर्जंतुक मिठाचं पाणी असतं. बहुतेक वेळा रिकामं आवरण आत घालून ते शस्त्रक्रियेच्या टेबलावरच भरतात. त्यामुळे चीर लहान पुरते आणि दोन्ही बाजूंना थोडं कमी-जास्त भरून फरक जुळवता येतो. ते फुटलं तर पाणी शरीरात शोषलं जातं, त्याचा अपाय नाही, आणि बाजू बसलेली काही तासांत किंवा दिवसांत उघड दिसते. पातळ त्वचेखाली मात्र त्याच्या सुरकुत्या हाताला आणि डोळ्याला जाणवतात, आणि स्पर्श नैसर्गिक स्तनाइतका मऊ वाटत नाही.

सिलिकॉन जेलचा स्पर्श स्तनाच्या ऊतीच्या जास्त जवळचा असतो आणि सुरकुत्या कमी पडतात. आजचं जेल चिकटून राहणारं, म्हणजे कोहेसिव्ह असतं. आवरणाला चीर गेली तरी ते पाण्यासारखं वाहून जात नाही. त्याहूनही घट्ट जेलची इम्प्लांट्स असतात; ती आकार छान टिकवतात, पण हाताला कडक लागतात आणि आत घालायला मोठी चीर लागते.

सिलिकॉनची खरी अडचण अशी की ते फुटलं तरी बाहेरून काहीच कळत नाही. स्तन तसाच दिसतो, दुखत नाही, आणि जेल आतल्या आत गळत राहतं. डॉक्टरांच्या हातालाही हे सहसा लागत नाही. म्हणून एफडीएचा सल्ला असा आहे की पहिली तपासणी ५ ते ६ वर्षांनी आणि त्यानंतर दर २ ते ३ वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफीने करावी, लक्षणं असोत वा नसोत. सिलिकॉन निवडायचं तर ही तपासणी वर्षानुवर्षं करत राहायची मनाची तयारी हवी. ती होणार नाही असं प्रामाणिकपणे वाटत असेल, तर सलाइनकडे पुन्हा एकदा बघा. ते फुटलं की आरशातच दिसतं.

सिलिकॉनबद्दलची भीती कुठून आली तेही थोडक्यात सांगते. पहिलं सिलिकॉन जेल इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला टॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या सर्जननी बसवलं. सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाही म्हणून एफडीएने १९९२ मध्ये सौंदर्यासाठी त्याचा वापर थांबवला आणि २००६ मध्ये अटी घालून पुन्हा परवानगी दिली. दरम्यान १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालात, सिलिकॉन इम्प्लांटमुळे संधिवातासारखे मोठे आजार होतात याला आधार सापडला नाही. स्थानिक गुंतागुंत मात्र, म्हणजे फुटणं, इम्प्लांटभोवती शरीराने तयार केलेला पडदा आवळणं, पुन्हा शस्त्रक्रिया, ही खरी आणि वारंवार घडणारी आहे असं त्यात म्हटलं होतं. माझ्या मते आजही निवड करताना मुख्य लक्ष याच स्थानिक गुंतागुंतीवर हवं.

फ्रान्सच्या पीआयपी या कंपनीचं प्रकरण वेगळं होतं. तिने वैद्यकीय दर्जाच्या जेलऐवजी औद्योगिक सिलिकॉन भरल्याचं २०१० मध्ये उघडकीला आलं आणि जगभरच्या हजारो स्त्रियांना इम्प्लांट्स काढावी लागली. संस्थापकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्यामुळे "जेल चांगल्या दर्जाचं आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, ते तुमच्या देशाच्या नियामक संस्थेने मान्य केलं आहे का, हे लेखी मागा. मान्यता नसलेलं इम्प्लांट स्वस्तात मिळत असेल तर तिथून उठा.

४. पृष्ठभाग: इथे जास्त वेळ द्या

सल्लामसलतीत ज्यावर सगळ्यात कमी बोललं जातं आणि जिथे निर्णय सगळ्यात गंभीर असतो तो हा टप्पा.

आवरण गुळगुळीत असतं किंवा खरबरीत. खरबरीत करण्यामागे दोन हेतू होते. शरीर कोणत्याही परक्या वस्तूभोवती पडदा तयार करतं. या पडद्याला कॅप्सूल म्हणतात आणि तो होणं सर्वस्वी नैसर्गिक आहे. काही जणींत तो जाड होऊन आवळतो. स्तन कडक होतो, वर ओढला जातो, दुखतो. डॉक्टर याच्या बेकर श्रेणी करतात: पहिलीत स्तन मऊ, चौथीत कडक, वेडावाकडा आणि दुखणारा. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत बहुतेकदा पुन्हा शस्त्रक्रिया लागते. खरबरीत पृष्ठभागाने हे आवळणं कमी होईल आणि इम्प्लांट जागचं हलणार नाही, असा विचार त्यामागे होता.

पण याच खरबरीत पृष्ठभागाशी एक दुर्मीळ कॅन्सर जोडला गेला. तो स्तनाच्या ऊतीचा नाही; इम्प्लांटभोवतीच्या कॅप्सूलमध्ये होणारा तो एक लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर आहे. त्याचं वैद्यकीय नाव बीआयए-एएलसीएल. एफडीएने २०११ मध्ये या संबंधाकडे पहिल्यांदा लक्ष वेधलं, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. एप्रिल २०१९ मध्ये फ्रान्सने मोठ्या खरबरीतपणाच्या आणि पॉलियुरेथेन या फोमसारख्या आवरणाच्या इम्प्लांट्सवर बंदी घातली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ॲलर्गन कंपनीने आपली बायोसेल प्रकारची खरबरीत इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली. हा आजार लवकर सापडला तर कॅप्सूलसह इम्प्लांट काढून बहुतेक रुग्ण बरे होतात; उशीर झाला तर जीवावर बेततं.

खरबरीतपणाचेही प्रकार आहेत. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पृष्ठभागाचा सरासरी उंचसखलपणा १० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी असेल तर गुळगुळीत, १० ते ५० मायक्रॉन म्हणजे सूक्ष्म खरबरीत आणि ५० च्या वर मोठा खरबरीत. कंपन्या आपल्या पृष्ठभागाला आकर्षक नावं देतात. त्या नावांच्या मागे न लागता थेट विचारा: "या मानकात हे कोणत्या गटात बसतं?" सर्जनला उत्तर माहीत नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात ते बघून सांगायला सांगा.

माझं मत स्पष्ट आहे. सौंदर्यासाठी पहिलंच इम्प्लांट घेत असाल आणि वेगळं काही करण्याचं ठोस कारण सर्जनने समजावून सांगितलेलं नसेल, तर गुळगुळीत घ्या. आवळण्याचा धोका थोडा वाढला तरी तो पुन्हा शस्त्रक्रियेने सोडवता येणारा धोका आहे. गुळगुळीत म्हणजे शंभर टक्के निर्धोक असंही नाही: सप्टेंबर २०२२ मध्ये एफडीएने कॅप्सूलमध्ये आढळलेल्या इतर काही दुर्मीळ कॅन्सरची माहिती दिली, आणि त्यांत सर्व प्रकारच्या इम्प्लांट्सचा उल्लेख होता. पण दुर्मीळ धोक्यांतही लहान-मोठं असतं, आणि लहान निवडण्याची संधी इथे आहे.

ज्यांनी आधीच खरबरीत इम्प्लांट बसवलं आहे आणि कोणतंही लक्षण नाही, त्यांनी ते केवळ भीतीपोटी काढावं असा सल्ला एफडीए देत नाही. लक्षणांवर नजर ठेवायची. ती शेवटी दिली आहेत.

५. गोल की थेंबाच्या आकाराचं, आणि प्रोफाइल

पृष्ठभागाचा निर्णय झाला की हा प्रश्न बराचसा सुटतो. थेंबाच्या आकाराचं, म्हणजे अॅनाटॉमिकल इम्प्लांट आत फिरलं तर स्तन वाकडा दिसतो. ते फिरू नये म्हणून सर्वसाधारणपणे ते खरबरीतच बनवतात. गोल इम्प्लांट फिरलं तरी काही बिघडत नाही. "गोल घेतलं तर वर फुगा दिसेल" ही भीती बहुतेकदा अतिशय मोठ्या आकाराच्या इम्प्लांट्स पाहून आलेली असते. मऊ जेलचं, मापात बसणारं गोल इम्प्लांट उभं राहिल्यावर खालच्या बाजूला झुकतं आणि उतार मिळतो.

प्रोफाइल म्हणजे तेवढ्याच तळाच्या रुंदीवर इम्प्लांट किती पुढे येतं. कमी, मध्यम, उंच आणि अतिउंच असे प्रकार मिळतात. तेच ३०० सीसी कमी प्रोफाइलमध्ये रुंद आणि चपटं असतं, उंच प्रोफाइलमध्ये अरुंद आणि पुढे आलेलं. रुंद छातीला अरुंद-उंच घेतलं तर मधे मोठी फट राहते. अरुंद छातीला कमी प्रोफाइलचं मोठं घेतलं तर ते काखेत जातं. म्हणून मैत्रिणीचं "३०० सीसी" तुमच्यासाठी काहीच सांगत नाही. तिची रुंदी आणि प्रोफाइल माहीत असल्याशिवाय तो आकडा अर्धवट आहे.

६. स्नायूवर की स्नायूखाली, आणि चीर कुठे

स्नायूवर, म्हणजे स्तनग्रंथीच्या खाली पण छातीच्या स्नायूच्या वर बसवलं तर दुखणं कमी आणि बरं होणं लवकर. पण त्यासाठी स्वतःचा थर पुरेसा जाड हवा. स्नायूखाली बसवलं तर वरची कड झाकली जाते, आवळण्याचा धोका कमी होतो आणि मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीत, स्तनाची ऊती जास्त नीट दिसते. बदल्यात पहिले दिवस जास्त दुखतं, आणि छातीचा स्नायू आवळला की इम्प्लांट हललेलं दिसतं. जिममध्ये छातीचे व्यायाम नियमित करणाऱ्या, पोहणाऱ्या किंवा खेळाडू स्त्रियांनी हे सर्जनला आवर्जून सांगावं. वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा ग्रंथीखाली ठेवण्याची ड्युअल प्लेन पद्धत आज बरेच सर्जन वापरतात; थोडासा ओघळलेला स्तन असेल तर तिचा उपयोग होतो.

चिरेचे तीन मार्ग नेहमीचे: स्तनाखालच्या घडीत, स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेने, किंवा काखेत. घडीतली चीर सर्जनला सगळं नीट दिसू देते, पुढे काही करायचं झालं तर तीच पुन्हा वापरता येते, आणि दुधाच्या नळ्यांना धक्का लागत नाही. वर्तुळाच्या कडेचा व्रण चांगला लपतो, पण नळ्यांतून जावं लागत असल्याने स्तनपानावर आणि संवेदनेवर परिणाम होण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका थोडा जास्त. व्रण कुठे दिसेल एवढ्याच निकषावर काख निवडू नका. दुरुस्तीसाठी बहुतेक वेळा दुसरी चीर घ्यावीच लागते.

७. आता सीसी

इथवर आलात की सर्जनच्या हातात तीन-चार मापंच उरतात, आणि ते बरंच आहे. सीसी म्हणजे घन सेंटिमीटर, म्हणजेच मिलिलिटर. ३०० सीसीचं इम्प्लांट साधारण ३०० ग्रॅम भरतं. दोन्ही मिळून ६०० ग्रॅम वजन छातीवर कायमचं येणार. पाठ, मान, त्वचा, सगळ्यांना ते वाहायचं आहे.

"मला सी कप हवा" असं सर्जनला सांगण्यात फारसा अर्थ नाही. ब्राच्या कपांचं माप प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, आणि कपड्यात किती भरीव दिसतं हे बांध्यावर अवलंबून असतं. त्याऐवजी स्वतःला आवडणारे आणि न आवडणारे असे दोन्ही फोटो न्या, तुमच्यासारख्या बांध्याच्या स्त्रियांचे. नावडते फोटो जास्त उपयोगी पडतात. "एवढं नको" हे शब्दांत सांगणं कठीण असतं.

बऱ्याच क्लिनिकमध्ये साइझर, म्हणजे आकार अजमावण्याचे नमुने, असतात. ते ब्रामध्ये घालून घट्ट टी-शर्ट चढवा, बसा, वाका, जिना चढा, आरशाच्या बाजूने उभ्या राहा. शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या दिवशी करून बघा. पहिल्या दिवशीची उत्सुकता आकडा वाढवते. स्नायूखाली बसवलं की तेच इम्प्लांट साइझरपेक्षा किंचित लहान दिसतं, तेही सर्जन हिशोबात धरतात. दोन मापांमध्ये २०-२५ सीसीचाच फरक असेल तर त्यावर झोप घालवू नका, कपड्यांतून तो जवळपास कळत नाही. मात्र सर्जनने मापं घेऊन "याच्या वर तुमची त्वचा नीट पेलणार नाही" असं सांगितलं असेल तर ती मर्यादा ओलांडायचा हट्ट धरू नका. मोठ्या इम्प्लांटने ऊती पातळ होतात, त्वचा कायमची ताणली जाते, आणि हे नुकसान इम्प्लांट काढूनही भरून येत नाही.

कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेबद्दल

स्तन काढल्यानंतर इम्प्लांटचा विचार करणाऱ्यांची वाट वेगळी आहे. त्वचा पुरेशी उरली असेल तर त्याच शस्त्रक्रियेत थेट इम्प्लांट बसवता येतं. नाहीतर आधी एक्स्पांडर, म्हणजे हळूहळू फुगवता येणारी पिशवी, ठेवतात, तो काही आठवडे थोडा थोडा भरून त्वचा ताणतात आणि मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत कायमचं इम्प्लांट घालतात. रेडिएशन होणार असेल किंवा झालेलं असेल तर आवळण्याचा आणि जखम न भरण्याचा धोका बराच वाढतो. अशा वेळी पोटाच्या किंवा पाठीच्या स्वतःच्या ऊतीतून स्तन घडवण्याचा पर्याय नक्की विचारा. शस्त्रक्रिया मोठी असते, पण ती ऊती तुमचीच असते आणि दहा वर्षांनी बदलावी लागत नाही.

छाती सपाट आणि नीटस शिवून घेणं हाही पूर्ण पर्याय आहे. बाहेरून घालायचं कृत्रिम स्तन वापरणं हाही. कॅन्सरच्या धक्क्यात, उपचारांच्या धावपळीत "आत्ताच सांगा" असा दबाव असतो. पुनर्रचना बहुतेकदा नंतर, महिन्यांनी किंवा वर्षांनीही करता येते. ते विचारण्याचा हक्क तुमचा आहे.

८. सर्जनसमोर बसताना

सर्जन प्लास्टिक सर्जरीत रीतसर प्रशिक्षित आणि नोंदणीकृत आहेत ना, हे आधी तपासा. "कॉस्मेटिक" ही पाटी कुणीही लावू शकतं. शक्य असेल तर दोघांची मतं घ्या, आणि सोबत एक शांत डोक्याचं माणूस न्या. विचारायचे प्रश्न लिहून न्या:

- माझी रुंदी आणि चिमटीची जाडी किती आली, आणि त्यावरून हे माप कसं निघालं?
- इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, पृष्ठभागाचा गट कोणता? मान्यता आहे का?
- आवळलं, फुटलं, जागचं हललं तर काय करणार, आणि त्याचा खर्च कोणाचा? कंपनीची हमी नेमकी कशाकशाला लागू आहे?
- भूल कोण देणार? रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा?
- काही वर्षांनी काढून टाकायचं म्हटलं तर तेव्हा स्तन कसा दिसेल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टाळणाऱ्या सर्जनवर माझा विश्वास बसत नाही.

एफडीएने २०२१ मध्ये अमेरिकेत इम्प्लांटच्या माहितीवर ठळक धोक्याची सूचना बंधनकारक केली, आणि रुग्णाने मुद्दा-मुद्दा वाचून सही करायची यादीही तयार केली. तुम्ही कुठेही असा, अशी यादी मागा आणि घरी नेऊन वाचा. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी पुढे केलेल्या कागदावर सही करणं म्हणजे समजून दिलेली संमती नव्हे.

काही स्त्रियांना इम्प्लांटनंतर सतत थकवा, सांधेदुखी, लक्ष न लागणं, केस गळणं, पुरळ असे त्रास होतात. याला नेमकी एक चाचणी नाही आणि कारणही पुरतं उलगडलेलं नाही, पण इम्प्लांट काढल्यावर त्यांतल्या काहींना आराम पडतो हे नोंदलं गेलं आहे. तुम्हाला किंवा घरात कुणाला रोगप्रतिकारशक्तीचा आजार असेल तर तो लपवू नका. तंबाखू आणि सिगारेट शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे बंद हवी. त्याने जखमेचा रक्तपुरवठा घटतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आयुर्वेदिक किंवा इतर पूरक औषधं, सगळं सांगा. वयाप्रमाणे मॅमोग्राफी लागत असेल तर ती आधीच करून घ्या.

९. बसवल्यानंतर

हलकी कामं साधारण आठवड्याभरात सुरू होतात. वजन उचलणं आणि व्यायाम सहसा चार ते सहा आठवड्यांनी, सर्जनने सांगितल्यावरच. सुरुवातीला स्तन उंच आणि कडक दिसतात. ते खाली येऊन मऊ व्हायला तीन ते सहा महिने लागतात, तोवर आरशाशी भांडू नका. मात्र पहिल्या काही दिवसांत एकच बाजू अचानक सुजली, फार दुखायला लागली, किंवा ताप आला, लाली पसरली, तर वाट न बघता त्याच वेळी फोन करा.

इम्प्लांट कार्ड हातात घेतल्याशिवाय रुग्णालय सोडू नका. त्यावर कंपनी, मॉडेल, माप आणि अनुक्रमांक असतो. त्याचा फोटो मोबाइलमध्ये आणि घरातल्या एका विश्वासू माणसाकडे ठेवा. एखादं मॉडेल उद्या परत मागवलं गेलं तर ते तुमच्या शरीरात आहे की नाही हे या कार्डावरूनच कळतं. तुमच्या देशात इम्प्लांटची नोंदवही असेल तर तिच्यातही नाव घालून घ्या.

मॅमोग्राफीच्या वेळी तंत्रज्ञाला सुरुवातीलाच इम्प्लांटबद्दल सांगा. ते मागे सारून, ऊती पुढे ओढून जादा चित्रं घ्यावी लागतात. इम्प्लांटची एमआरआय तपासणी मॅमोग्राफीची जागा घेत नाही. दोन्हींचा हेतू वेगळा आहे, दोन्ही ठरल्या वेळी करा.

आणि शस्त्रक्रियेला वर्ष होऊन गेल्यावर, अगदी आठ-दहा वर्षांनीसुद्धा, एका बाजूला नव्याने सूज आली, गाठ लागली, आकार बदलला किंवा दुखू लागलं, तर "मार लागला असेल" म्हणून सोडू नका. सोनोग्राफी करून भोवती पाणी साठलं आहे का बघतात; साठलं असेल तर ते सुईने काढून लिम्फोमासाठी, सीडी३० या चाचणीसह तपासायला पाठवतात. नव्या गावात, नव्या डॉक्टरकडे गेलात तर इम्प्लांट आहे हे आणि या चाचणीचं नाव, दोन्ही तुम्हीच सांगा. हा आजार दुर्मीळ असल्याने अनेक डॉक्टरांनी तो प्रत्यक्ष पाहिलेला नसतो.